शब्दचर्चा : 'गुप्तरोग', 'धात', 'पांढरं जाणं' – मुलांनी माहिती शोधायची ती कोणत्या शब्दाने?

निंबोणी :
नमस्कार मंडळी. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी लैंगिक आरोग्यावर एक पान मराठीत तयार करतेय. त्याआधी वर्गात चिठ्ठ्यांची पेटी ठेवली होती. नाव घालू नका, विचारायचं ते विचारा, असं सांगून. त्यातल्या काही चिठ्ठ्या जशाच्या तशा देते :

'धात जाते, अशक्तपणा येते. लग्नाच्या कामाचा राहीन का?'
'पांढरं जाते म्हणजे पिशवी खराब झाली का?'
'गुप्तरोग आहे का नाही हे कुठी तपासते?'
'गोळी घेतली तर पुढे लेकरू होत नाही का?'

पुस्तकात या सगळ्याला वेगळे शब्द आहेत : वीर्यपतन, योनिस्राव, लैंगिक संसर्ग, आपत्कालीन गर्भनिरोधक. पण मूल ज्या शब्दाने चिठ्ठी लिहितं त्याच शब्दाने मोबाइलवर शोधतं. 'धात' किंवा 'गुप्तरोग' टाकलं की समोर बहुतेक औषध विकणारेच येतात. म्हणून मला पानावर दोन्ही शब्द हवेत, घरचा आणि दवाखान्याचा. कोणत्या शब्दाला काय जोडावं, यावर मदत करा.

शब्दवेडा :
'लैंगिक'पासून सुरू करतो. लिंग म्हणजे मुळात खूण, ओळख. व्याकरणातलं लिंग तिथूनच आलं. 'लैंगिक' हे त्याचं विशेषण. आज मात्र हा शब्द आपल्या कानावर सर्वांत जास्त पडतो तो वर्तमानपत्रातून, आणि तिथे त्याच्या पुढे अत्याचार, छळ, शोषण यांपैकी काहीतरी असतं. त्यामुळे मुलांना तो गुन्ह्याचा शब्द वाटतो. नागपुरात हिंदीचा शेजार असल्याने 'यौन'ही चालतो, पण तो भिंतीवरच्या जाहिरातींनी बळकावलाय. माझं मत : 'लैंगिक' सोडू नका, मात्र एकटा ठेवू नका. 'लैंगिक आरोग्य : पाळी, गर्भ राहणं, संसर्ग, संमती' असं लगेच उलगडून लिहा.

अजून एक. हा विषय मराठीत नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आपल्या दीक्षाभूमीच्या गावातल्या मुलांना एवढं तरी ठाऊक असावं.

पांढरा एप्रन :
मी सरकारी रुग्णालयातली निवृत्त सिस्टर. निंबोणीताई, 'गुप्तरोग' या शब्दावर मला मनापासून बोलायचंय.

दवाखान्यात केस-पेपरच्या चिठ्ठीच्या खिडकीवर एक विशीतला पोरगा उभा. हळूच म्हणाला, 'चामडीचं.' आतून मोठ्याने प्रश्न आला, 'चामडीचं का गुप्तरोगाचं?' रांग वळून बघायला लागली. पोरगा चिठ्ठी न घेताच निघून गेला. तो नंतर कुठे गेला असेल हे मला आजही छळतं.

'गुप्तरोग' म्हणजे लपवायचा रोग, असाच त्याचा अर्थ होऊन बसलाय. त्यातला 'रोग'ही पुरता खरा नाही. यातल्या कित्येक संसर्गांची लक्षणंच दिसत नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काही त्रास जाणवत नाही. रोग दिसला तरच जायचं असं मानणारा माणूस राहून जातो. म्हणून 'लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग' म्हणा. लांब आहे, पण खरं आहे. आणि खाली लिहा की यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. औषध मोफत, लक्षणांप्रमाणे ठरलेल्या रंगाच्या पाकिटात. जोडीदाराचाही उपचार सोबतच करायचा, नाहीतर तोच संसर्ग परत येतो. खिडकीवर पोराने नुसतं 'सुरक्षा क्लिनिक' म्हणायचं. रांगेतल्या कोणाला काही कळत नाही.

आता धात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या तक्रारीला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं, इतकी ती आपल्याकडे सर्रास आहे. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो, ही समजूत त्याच्या मुळाशी. वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही. ते सतत तयार होत असतं, झोपेत बाहेर पडणं वयात आलेल्या मुलांना होतंच. हस्तमैथुनानेही अशक्तपणा येत नाही. पोराला अशक्तपणा वाटतो तो खोटा नसतो. भीतीने झोप उडते, जेवण जात नाही, छाती धडधडते. त्याला 'काही नाही रे' म्हणून उडवून लावू नये. 'स्वप्नदोष' मात्र पानावर नकोच. त्यातला 'दोष'च पोरांना खातो. 'झोपेत वीर्य जाणं' म्हणा, बस्स.

वऱ्हाडी पोट्टा :
मावशी, आमच्या हॉस्टेलात अर्धे पोट्टे हेच वाचून घाबरून राहिले. बस स्टँडकडे भिंतीवर, रेल्वेच्या पुलाखाली, सगळीकडे 'यौन दुर्बलता, धात, गुप्तरोग, हमखास इलाज'. एका दोस्तानं त्यातल्या एका नंबरवर फोन केला. समोरच्यानं पहिले हेच विचारलं, 'घरी माहीत आहे का?' याने 'नाही' म्हटलं तसा भाव वाढला. काहून कोणी थांबवत नाही अशा लोकायले?

अंबाझरी :
पोट्ट्या, थांबवायला कायदा आहे. १९५४चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. गुप्तरोग बरे करू, लैंगिक ताकद वाढवू, अशी जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. म्हणजे 'हमखास' लिहिलेली ती भिंतच बेकायदेशीर. ताई, पानावर ही ओळ टाकाच. खरं-खोटं ओळखायची याहून सोपी खूण नाही.

'गोळी'बद्दल मात्र फार जपून. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना नुसतं 'गोळी' म्हणतात :
रोजची गर्भनिरोधक गोळी.
'७२ तासांची गोळी', म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम. संबंधानंतर जितक्या लवकर तितकी जास्त उपयोगी, मेडिकल स्टोअरमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, संसर्गापासून वाचवत नाही, आणि तिच्याने पुढे मूल होणं थांबत नाही.
तिसरी गर्भपाताची, ती नऊ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. दुकानातून चोरून आणून घेतली तर जीवावर बेतू शकतं.
चिठ्ठीतल्या मुलीने कोणती 'गोळी' म्हटली कोण जाणे. तिन्ही वेगळ्या लिहा.

आणि 'गुप्त'ऐवजी मुलांना 'गोपनीय' हा शब्द शिकवा. गोपनीय असते ती माहिती, रोग नव्हे. पण त्याची मर्यादाही खरी-खरी सांगा. अठराच्या आतल्या मुलीचा संबंध आला असेल तर पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याने, डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर त्या कळवण्यात तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलंय. 'काही कोणाला कळणार नाही' असं वचन पानावर देऊ नका.

पांढरा एप्रन :
'पांढरं जाणं' राहिलं. हाडं विरघळून पांढरं जातं असं बायका अजून सांगतात. तसं काही नसतं. पाळीच्या चक्राप्रमाणे कमी-जास्त, पातळ किंवा चिकट पांढरा स्राव प्रत्येकीला असतो. खाज, घाण वास, दह्यासारखं फुटीर, हिरवट-पिवळं, ओटीपोटात दुखणं यातलं काही असेल तर दाखवायचं. नागपूरच्या मुलींना डागा दवाखाना, म्हणजे बायकांचं सरकारी रुग्णालय, घरात माहीत असतो, तिथे जायला कोणी विचारत नाही 'काहून चालली' म्हणून.

निंबोणी :
सगळ्यांचे आभार. पानाचा मसुदा असा होतोय. डावीकडे चिठ्ठीतला शब्द, उजवीकडे दवाखान्यातला, खाली जायचं कुठे.
धात जाणं – वीर्य बाहेर पडणं. आजार नाही. भीती जात नसेल तर 'मैत्री क्लिनिक' : १० ते १९ वयासाठी सरकारी रुग्णालयातली मोफत समुपदेशन सेवा.
गुप्तरोग – लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग. सुरक्षा क्लिनिक.
एड्सची तपासणी – एचआयव्ही तपासणी. आयसीटीसी, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्र, मोफत हेल्पलाइन १०९७.
पांढरं जाणं – योनिस्राव. कधी दाखवायचं, ते सिस्टरांनी सांगितलंय तसंच.
गोळी – तीन वेगळ्या ओळी.
'पिशवी' तशीच ठेवतेय, पुढे 'गर्भाशय' लिहून. मैत्री क्लिनिकचे वार प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात; सोमवारी फोन करून विचारते आणि मगच झेरॉक्सला देते.

वऱ्हाडी पोट्टा :
ताई, एक प्रत हॉस्टेलच्या मेसमध्ये लावतो. सगळे तिथं रांगेत असतात, वाचल्याशिवाय राहणार नाहीत.