मदत हवी आहे: ऑपरेशनआधीच्या कोविड तपासण्यांवरून तालुक्यातला प्रसार काढता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. नोकरी सांभाळून एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय, आणि प्रबंधासाठी आमचीच जून २०२० ते मार्च २०२१ ची रजिस्टरं काढली आहेत.

तेव्हा सिझर, हर्निया, मोतीबिंदू, कशालाही आलेल्या माणसाचा स्वॅब घ्यायचोच, ताप असो-नसो. ही माणसं कोविडच्या शंकेने आलेली नव्हती, म्हणून गावातला प्रसार यांच्यावरून जास्त खरा कळेल असं मला वाटतं. न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांत २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० मध्ये बाळंतपणाला दाखल झालेल्या २१५ जणींपैकी ३३ पॉझिटिव्ह निघाल्या, त्यातल्या २९ जणींना काहीच त्रास नव्हता. एचआयव्हीसाठी तर आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात: ठरलेल्या केंद्रावर तीन महिन्यांत ओळीने येणाऱ्या ४०० गरोदर बायका तपासून प्रसाराचा अंदाज बांधतात.

अडलंय ते इथे. सप्टेंबरअखेर आमच्याकडे आरटीपीसीआरऐवजी अँटिजेन किट आलं आणि ऑक्टोबरपासून पॉझिटिव्हचा टक्का घसरला. राज्यातली पहिली लाटही त्याच सुमारास ओसरत होती. लक्षणं नसलेल्यांत अँटिजेनमधून बरेच सुटतात. मग यातली खरी घट किती आणि किटमुळे दिसणारी किती, हे वेगळं कसं काढू? रोगन-ग्लॅडन सूत्र (चाचणीच्या चुका वजा करून खरा टक्का काढायचं) वापरायचं तर दोन्ही काळांसाठी संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या बाधितांपैकी चाचणी किती पकडते ते, वेगवेगळी धरू का? काही आठवड्यांत जेमतेम तीस तपासण्या आहेत, तिथे आठवडे जोडून महिना करू?

दुसरं, आरटीपीसीआर बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि हजारात दहाच खरे बाधित असले, तर ९९ टक्के विशिष्टतेच्या (बाधित नसलेल्या शंभरांतल्या ९९ जणांना निगेटिव्ह दाखवणाऱ्या) चाचणीतही जवळपास तेवढेच खोटे पॉझिटिव्ह निघतात. माझा टक्का कमी असलेल्या महिन्यांचं काय करू?

नावं-नंबर काढून टाकलेत, एथिक्स कमिटीची परवानगी आहे. गावाचा रकाना ठेवलाय, कारण एक पोर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नऊ महिने भरलेले, बाकावर बसून बिस्किट खात होती, म्हणाली, "आमच्या वाडीत कुणालाच नाही ओ ताई." तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि त्याच आठवड्यात त्याच वाडीच्या आणखी दोघींचा. त्या वाडीत पसरलंय हे आम्हाला त्या तिघींमुळेच कळलं. ही रजिस्टरं रद्दीत जाऊ नयेत एवढीच धडपड आहे.

जैवसांख्यिकीतलं कुणी असेल तर निदान किट बदललं त्या महिन्याचं तरी सांगा. तक्ता व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवते.