भुरीवर ताक की गंधक?

निफाडचा बागाईतदार: "द्राक्षाच्या भुरीला आंबट ताक आणि गोमूत्र पुरते, बाकी सारा कंपन्यांचा धंदा आहे, आणि गंधक तर विषच," असे काल येथे ठणकावून सांगितले गेले, म्हणून हे लिहितो आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा लागली की भुरी या बुरशीच्या रोगाला पान ओले असण्याचीही गरज नसते, आणि मण्यांवर पांढरी पावडर दिसेपर्यंत थांबलात तर पुढे साल तडकून घड वाया जातो. ज्या गंधकाला तुम्ही विष म्हणता, ते फ्रान्सच्या बागांत १८५० च्या दशकापासून भुरीवरच वापरले जाते आणि सेंद्रिय शेतीतही चालते. मग ते पारंपरिक की रासायनिक, हे एकदा ठरवा.

तासगावकर: गंधकाचे गोडवे गाताना उन्हाचे नाव सोयीने गाळलेत. पारा पस्तिशीपुढे असताना फवारल्यास पाने करपतात. शिवाय हेक्झाकोनॅझोल या रासायनिक बुरशीनाशकाच्या गटातलीच औषधे आलटूनपालटून मारली की भुरी त्यांना दाद देईनाशी होते, हे आमच्या शिवाराने भोगले आहे. ब्राझीलमध्ये १९९९ साली झुकिनी या भोपळावर्गातल्या भाजीच्या भुरीवर दुधाचा चांगला परिणाम दिसला होता, तेव्हा ताकाला हसू नका.

निफाडचा बागाईतदार: हरितगृहातल्या झुकिनीचे दूध तुम्ही उघड्यावरच्या द्राक्षाला पाजून मोकळे झालात!

जैविकवाली: दोघेही अँपेलोमायसेस विसरलात. ही बुरशी भुरीवरच जगते, पण तिला दमटपणा लागतो आणि गंधकाबरोबर एकाच टाकीत ती टिकत नाही. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. दुकानदाराने 'शंभर टक्के जैविक' म्हणून बिनलेबलची बाटली दिली आणि निर्यातीच्या नमुन्यात बुरशीनाशकाचा अंश निघाला.

निफाडचा बागाईतदार: पक्के बिल घेतले होते का?

जैविकवाली: बिल मागितले की उधारी बंद होते, हे तुम्हाला ठाऊक नाही, असे समजू का?

तासगावकर: म्हणजे जैविकाच्या नावाने रसायनच फवारले, आणि भुरी आटोक्यात आल्याचे श्रेय मात्र जैविकाला मिळाले!

जैविकवाली: टोमणा कळला. म्हणूनच आता मी लेबल, बॅच क्रमांक आणि मुदत पाहिल्याशिवाय बाटली उचलत नाही. तुमच्या ताकावर यातले काय छापलेले असते?

निफाडचा बागाईतदार: बरे, गंधकही भुरी बळावल्यावर फारसे कामाचे नाही, एवढे मान्य करतो. तुम्ही ताक खुशाल फवारा; फक्त भुरीचे बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि शेजाऱ्याची बाग वाऱ्याच्या खालच्या अंगाला असते, एवढे ध्यानात असू द्या.