घरचा नॅस बाहेरून उघडायला स्टॅटिक आयपी घ्यावा का?

शाहूपुरीकर: भावांनो, घरी सिनॉलॉजी कंपनीचा नॅस (नेटवर्कला जोडलेला स्टोरेज बॉक्स) आहे, लग्नाच्या शूटिंगचा सगळा डेटा त्यावर. घरात मख्खन चालतो पण गडहिंग्लजला ऑर्डरवर गेलो की उघडतच नाही. बाहेरून आलेलं कनेक्शन नॅसकडं वळावं म्हणून राउटरवर ५००१ पोर्ट फॉरवर्ड केलाय, आयपी बदलला तरी नाव तेच राहावं म्हणून डीडीएनएस लावलाय. नेटवाला म्हणतोय स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या, वर्षाचे पैसे वेगळे. मी म्हणतो घेऊन टाकावा, कटकट मिटेल.

रंकाळ्याचा_वारा: थांब जरा. राउटरमध्ये वॅन आयपी (नेटवाल्याकडनं मिळालेला पत्ता) बघ, १००.६४ ते १००.१२७ मधलं काय दिसलं तर सीजीनॅट आहे, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलाय आणि बाहेरून आलेलं कनेक्शन नेटवाल्याकडंच अडतंय, मग तू तुझ्या राउटरवर किती बी पोर्ट उघड. टेस्ट मोबाइल डेटावरून कर, घरच्या वायफायवरून नको. आणि स्टॅटिकचा नाद सोड, टेलस्केल टाक, आपली डिव्हाइसं खाजगी नेटवर्कनं जोडणारं ॲप. ते आतून बाहेर कनेक्शन काढतं, सीजीनॅट आडवा येत नाही, घरगुती वापराला फुकट.

उद्यमनगरी: आला टेलस्केलवाला! क्लायंटला फोटो निवडायला लिंक द्यायची तर नवरीच्या मामाला ॲप टाकायला लावणार व्हय? शिवाय थेट जुळलं नाही की रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, जातं, मग व्हिडिओ बघत बसा गोल गोल फिरताना. स्टॅटिक घ्या, एचटीटीपीएस, टू-फॅक्टर (पासवर्डवर आणखी कोड), ॲडमिन अकाउंट बंद. विषय संपला.

रंकाळ्याचा_वारा: संपला कसा? जानेवारी २०२२ ला डेडबोल्ट नावाच्या खंडणीवाल्या व्हायरसनं नेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस लॉक केले, सोडवायला ०.०३ बिटकॉइन मागत होते. सॉफ्टवेअरच्या भोकातून घुसले, तिथं तुझं टू-फॅक्टर काय करणार?

उद्यमनगरी: ते क्यूनॅप, ह्याचा सिनॉलॉजी.

रंकाळ्याचा_वारा: २०१४ चा सिनोलॉकर, तसलाच खंडणीवाला, मग कुणावर आलता?

उद्यमनगरी: ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं त्यांच्यावर! जुन्या डीएसएमवर, म्हणजे सिनॉलॉजीच्या जुन्या सिस्टीमवर. आळशी माणसाचं खापर पोर्टवर फोडू नका.

शाहूपुरीकर: वॅन १००.८२ नं सुरू होतोय. म्हणजे आत्तापर्यंतचं फॉरवर्डिंग पाण्यात. मला एकट्याला टेलस्केल चालेल, पण मामाचा मुद्दा बरोबर आहे राव.

रंकाळ्याचा_वारा: मामाला निवडीपुरते छोटे जेपीजी गूगल ड्राइव्हवर टाक की, रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या) फाइली कशाला दाखवायच्या त्याला. आणि नॅस तळमजल्यावर असला तर वर उचल, २०१९ च्या कोल्हापुरातल्या पुराचं पाणी बघितलंयस नव्हं? आणि रेड (एक डिस्क गेली तरी चालावं म्हणून अनेक डिस्क जोडणं) लावलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

उद्यमनगरी: बॅकअपचं पटलं. स्टॅटिकचं नाही. माझा पोर्ट उघडाच राहणार.