मदत हवी आहे: स्वतःच्याच जातीला खाणारा प्राणी अन्नजाळ्यात दाखवायचा कसा?

मंडळी, प्रोजेक्टसाठी एका तळ्याचं अन्नजाळं (कोण कोणाला खातं याचा बाणांचा नकाशा) काढतोय आणि पार अडकलोय. टबमध्ये चतुराच्या सहा अळ्या ठेवल्या होत्या, चार दिवसांत दोनच उरल्या, आणि एकदा तर डोळ्यांसमोर मोठीने खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून धाकटीला पकडलं, बाकीचं मग हळूहळू चावत बसली. मला वाटलं उपाशी होत्या म्हणून, पण वाचायला घेतलं तर गॅरी पोलिस या परिसंस्था-अभ्यासकाने 1981 मध्येच असं करणाऱ्या साधारण 1300 जाती मोजल्यात, म्हणजे हे अपवाद वगैरे अजिबात नाही.

आता खरा घोळ. पर्च माशाचं पिल्लू प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) खातं आणि मोठा पर्च ते पिल्लू खातो, मग तो एकाच जातीचा असून दोन पायऱ्यांवर बसतो ना? त्यात पिल्लं कमी झाली की प्लवकांवरचा ताण कमी, प्लवक वाढले की ते शैवाल जास्त चरणार, म्हणजे पाण्याचा रंगसुद्धा यावर ठरू शकतो. शिवाय मोठ्याच्या भीतीने छोटे लपून बसतात आणि कमी खातात, तो परिणाम बाणाने दाखवायचा तरी कसा?

मी सध्या स्वतःकडेच वळणारा गोल बाण काढलाय, पण त्यात वय, आकार काहीच कळत नाही. पिल्लं आणि मोठे असे वेगळे डबे करू का? कोणी असं मॉडेल केलं असेल तर प्लीज सांगा, आणि अळ्यांनी काय खाल्लंय हे कळायला त्यांची आतडी तपासायची सोपी पद्धत माहीत असेल तर तीही.