नऊ वर्षांच्या मुलीला हरणं झेपत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही नागपूरला राहतो, मुलगी चौथीत. २०२५ च्या जुलैत आपल्या दिव्या देशमुखने महिला वर्ल्ड कप जिंकला ना, तेव्हापासून तिला बुद्धिबळाचं वेड. क्लास लावला, रात्री मी नाहीतर तिचे आबाजी खेळतो तिच्याशी. आणि खरं सांगतो, आम्ही दोघंही मुद्दाम हरत आलो. चुकली की चाल परत घेऊ द्यायची, वजीर मरत असला की हळूच "बघ बरं नीट". जेवायच्या वेळी पोट्टी रडायला नको एवढंच डोक्यात.

रविवारी पहिली टूर्नामेंट झाली, सहापैकी पाच राऊंड हरली. तिसऱ्यात तिने वजिराला हात लावला, मग चूक लक्षात आली म्हणून तो सोडून घोडा उचलायला गेली तर समोरच्या मुलाने हात वर केला, आर्बिटर आले, म्हणाले हात लावला ती सोंगटी खेळावीच लागेल. क्लासमध्ये शिकवलं होतं हे, घरी आम्हीच कधी पाळलं नाही. ती माझ्याकडे पाहून राहिली होती आणि मी दोरीच्या पलीकडे.

गाडीवर येताना मागून विचारलं, "बाबा, तुम्ही घरी मुद्दाम हरत होते का?" मी नाही म्हटलं. ते खोटं जास्त खातंय मला.

आता पटाला हातच लावत नाही. बायको म्हणते राहू दे थोडे दिवस, आबाजी म्हणतात पुढच्या टूर्नामेंटला न्यायचंच. काय करू?

प्रतिसाद: दादा, आधी तिला खरं सांगून टाका, पोरांना कळतंच. मी माझ्या मुलाशी माझा वजीर काढून ठेवून खेळायचे, पण मग मनापासून, एक चाल सोडायची नाही. तो जिंकायला लागला की वजीर परत आणि फक्त हत्ती काढायचा, मग नुसता घोडा. त्यामुळे जिंकला तर खराच जिंकायचा. चाल परत घेणं मात्र सगळ्यांना बंद, आबाजींनाही. आणि टूर्नामेंट स्विस पद्धतीची असेल तर हरल्यावर बाहेर काढत नाहीत, पुढचा डाव साधारण तेवढेच पॉइंट असलेल्याशी लागतो, हे तिला सांगा. बाकी एक राऊंड ती जिंकली ना? त्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही.

धागाकर्ता: ताई, खरंच नाही लिहिली. शेवटचा राऊंड होता, एक प्यादं उरलं होतं, ते एकेक घर ढकलत नेऊन वजीर केला तिने. आज रात्री आधी माझं खोटं कबूल करतो. पण ती म्हणाली की आता तुमच्याशी खेळायचंच नाही, तर?