शब्दचर्चा: शूटिंग रेंजवरचं ‘हँड्स-फ्री’ आणि ‘ध्वनिरोधक’

प्रश्न: पॉइंट बावीस आणि त्यावरच्या बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) बंदुकांच्या रेंजसाठी मराठी सूचनापत्रक करायचं आहे. मफ (कानांवर बसणाऱ्या संरक्षक वाट्या) लावून वॉकीटॉकीवर बोलणाऱ्या रेंज ऑफिसर आणि प्रशिक्षकांसाठी. ‘इअर प्रोटेक्शन’ला ‘ध्वनिरोधक’ आणि ‘हँड्स-फ्री’ला ‘हस्तमुक्त’ चालेल का? वॉकीटॉकीवरच्या पीटीटी (दाबून बोलायचं बटण) आणि व्हॉक्स (आवाजाने आपोआप बोलणं सुरू होणं) या शब्दांचं काय?

प्रतिसाद १: ‘ध्वनिरोधक’ नको. रोधक म्हटलं की आवाज आत येतच नाही असं वाटतं. पॉइंट बावीस रायफलचा बार १४० डेसिबलच्या आसपास, सेंटरफायरचा (मोठ्या काडतुसांच्या बंदुकांचा) बहुधा १६० च्या आसपास किंवा वर. मफ त्यातले वीस-पंचवीस कमी करतो, इतकंच. सरळ ‘मफ’ आणि ‘प्लग’ (कानात घालायचा बोळा) लिहा. दोन्ही लावल्यावर त्यांच्यावर छापलेल्या आवाज-घटीच्या आकड्यांची बेरीज करायची नाही, हेही लिहा: प्लग ३३ आणि मफ २२ मिळून ५५ होत नाहीत, मोठ्या आकड्यात साधारण ५ मिळवायचे. अमेरिकी एनआरआर आणि युरोपी एसएनआर हे आवाज-घटीचे आकडेही एकमेकांशी ताडून बघू नयेत.

‘इलेक्ट्रॉनिक मफ’ (आजूबाजूचं बोलणं माइकने आत ऐकवणारा) या शब्दाने तर फारच घोळ होतो. संरक्षण देतात ती वाटी, आतला स्पंज आणि कडेची गादी, सेल नव्हे. सेल संपला तर आजूबाजूचं बोलणं बंद होईल, बाराचा आवाज तेवढाच कमी होत राहील. उलट चष्म्याच्या जाड काडीने गादी उचलली गेली, तर नवाकोरा सेलही काही करू शकत नाही.

प्रतिसाद २: ‘हस्तमुक्त’ ऐवजी ‘संच (वॉकीटॉकी) हातात न धरता’ लिहा. अक्षरशः हात न लावता चालतं ते फक्त व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की आपोआप सुरू होणारं प्रसारण. रेंजवर तेच बंद ठेवायचं असतं, कारण शेजारचा बार झाला की तेही सुरू होतं आणि चॅनल अडवून बसतं. संवेदनशीलता कमी केली तर हळू बोललेलं जात नाही. म्हणून पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण. ते छातीच्या पट्ट्यावर, ट्रिगरच्या हाताच्या विरुद्ध बाजूला लावा.

प्रतिसाद ३: पत्रकात जोडणीचं पान असेल तर ‘पिन बसली’ आणि ‘जुळली’ यांत फरक करा. दोन पिनांच्या केनवुड पद्धतीच्या सॉकेटमध्ये (वॉकीटॉकीवरचं हेडसेट जोडायचं छिद्र) ३.५ आणि २.५ मिलिमीटर अशा दोन्ही पिना टोकापर्यंत जायला हव्यात. एक जरी अर्धवट राहिली, तर ऐकू येतं पण बोललेलं जात नाही, किंवा उलट. लष्करी पद्धतीच्या हेडसेटचा डायनॅमिक माइक (याचा संकेत फार क्षीण असतो) साध्या इलेक्ट्रेट माइकसाठी बनवलेल्या संचाला जोडला, तर पिन बसूनही आवाज अगदी क्षीण जातो; मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असलेलं पीटीटी लागतं.

फक्त ऐकायचं असेल तर खर्च कमी. संचाला स्पीकर-माइक (वायरने जोडलेला हातातला स्पीकर आणि माइक) लावा आणि त्याच्या ३.५ च्या छिद्रातून मफच्या ऑक्स छिद्रात (बाहेरचं ध्वनियंत्र जोडायचं छिद्र) वायर न्या. वायर संचाकडे मोनो, मफकडे स्टिरिओ हवी. साधी मोनो वायर वापरली तर एकाच कानात आवाज येतो. मफ बाहेरचा आवाज आवरतो, ऑक्समधून येणारा आवरेलच असं नाही. संचाचा आवाज अगदी खाली ठेवून सुरुवात करा.

प्रतिसाद १: आणि हे पत्रक स्पर्धकांसाठी नाही, ही ओळ वरच घाला. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार स्पर्धेत नेमबाजाला आवाज ग्रहण करणारं उपकरण असलेला मफ चालत नाही.

प्रतिसाद ४: हुकमांचे शब्द भाषांतरित करू नका. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड हे नियमातलेच ठेवा. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो, हीच इथे अडचण. ‘फायर करू नका’ म्हणताना बटण जरा लवकर सुटलं की पलीकडे ‘फायर करू’ एवढंच पोचतं. बटण दाबताच बोललं तरी पहिला ध्वनी खाल्ला जातो, पण ‘स्टॉप’चं ‘टॉप’ झालं तरी कळतं. पत्रकात क्रम असा द्या: बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, ‘स्टॉप, स्टॉप’ म्हणा, आणखी अर्ध्या सेकंदाने सोडा. बूम माइक (दांडीवरचा माइक) ओठांच्या कोपऱ्याशी, बोटभर अंतरावर. समोर धरला तर श्वासाचा फुसफुसाट जातो.

प्रश्नकर्ता: ‘बोलण्याचं बटण’ घेतलं. ‘व्हॉक्स’ पत्रकात एकदाच येईल, ‘बंद ठेवा’ या शब्दांसोबत.