बाळाची वाट बघताना हायकू लिहितेय, पण सगळे ग्रीटिंग कार्डसारखे होतायत

खिडकीपाशी:
34वा आठवडा चालू आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय म्हणून दिवसभर डाव्या कुशीवर पडून असते, मोबाईल बघून बघून डोळे दुखायला लागले तेव्हा एक जुनी वही काढली आणि ठरवलं की बाळ येईपर्यंत रोज एक हायकू, म्हणजे ती तीन ओळींची छोटी जपानी कविता, लिहायचा, पुढे कधीतरी वाचून दाखवता येईल. तेव्हा कल्पना एकदम भारी वाटली होती. आज 11 दिवस झाले, सगळे सलग वाचले, तर काय सांगू, अकराच्या अकरा एकच आहेत! नमुना देते, हसू नका:

आशेचा दीप
प्रेमाने उजळतो
बाळाची वाट

बोटांवर मोजलंय, तीन ओळींत 5-7-5 अक्षरं, चोख आहे. पण हे कुणाच्याही बाळाला चालेल. 11 हायकूंमध्ये 'आशा' 7 वेळा, 'प्रेम' 9 वेळा आणि 'चाहूल' 4 वेळा आलंय. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला छान आहे, पण ज्या आवाजात नव्या पडद्यांना छान म्हणाला होता त्याच आवाजात.

तर मला आशा आणि प्रेमावरच लिहायचंय, सध्या डोक्यात दुसरं काही नाहीच्चे, पण ते कसं लिहायचं? आणि ते 5-7-5 पाळायलाच हवं का?

अर्धविराम:
अगं हसत नाहीये, माझ्या पहिल्या वहीत असले 40 तरी आहेत.

तुझ्या हायकूत दीप आहे, पण तुमच्या घरात दिव्याला दीप म्हणतं कोण? म्हणजे तो दिवा तू बघितलेलाच नाहीस, कवितेत असतो म्हणून आणून ठेवलायस. वही मिट आणि काल झोपल्यापासून आत्तापर्यंत खरंच काय काय झालं ते सांग बघू, अगदी फालतू वाटलं तरी. डोळ्याला दिसलेलं, कानाला ऐकू आलेलं, हाताला लागलेलं. आशा आणि प्रेम हे दोन शब्द महिनाभर वहीत आणायचे नाहीत.

आणि एक, हायकूत मध्ये कुठेतरी तुटायला लागतं. जपानीत त्यासाठी 'या', 'काना', 'केरी' असे खास शब्दच आहेत, कीरेजी म्हणतात त्यांना. आपल्याकडे तसलं काही नाही, पण ओळ संपताना थांबून पुढे भलतंच काहीतरी ठेवता येतं. तुझ्या तीन ओळी म्हणजे एकच वाक्य आहे, सरळ घसरत जातं.

मोजपट्टी:
5-7-5 बद्दल बोलतो, माझ्या आवडीचं भांडण आहे. जपानी लोक अक्षरं मोजत नाहीत, 'ओन' मोजतात, म्हणजे उच्चाराचे छोटे तुकडे. दीर्घ स्वर असला की दोन ओन, शब्दातला सुटा 'न' आला की त्याचा वेगळा एक. टोक्यो आपल्याला दोन अक्षरी वाटतं पण त्यांच्या हिशेबाने त्यात चार ओन आहेत. म्हणजे त्यांचे 17 ओन आणि आपली 17 अक्षरं हे एक माप नाहीच, आपल्या 17 अक्षरांत बऱ्याचदा जास्त मजकूर बसतो आणि मग उरलेली जागा भरायला 'उजळतो' सारखे शब्द येतात. कवयित्री शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला तेव्हापासून इथे मोजून लिहिणारे आहेत आणि न मोजताही लिहिणारे आहेत. मोजायचंच असेल तर जोडाक्षर एक धरा, पण आकडा जुळवायला म्हणून शब्द घालू नका एवढंच.

बाकी काटेकोर बोलायचं तर हायकूत ऋतू सांगणारा शब्द लागतो, नुसतं माणसांबद्दल असेल तर त्याला सेनर्यू म्हणतात. पण बाळ काय ते बघून येणार नाहीये.

खिडकीपाशी:
दीपाचं अगदी बरोबर पकडलंत, लाज वाटली 😅 बरं, काल रात्रीचं सांगते. साडेअकराला आत जोरात लाथा सुरू झाल्या, म्हणजे पोटावर ठेवलेला मोबाईल हलत होता इतक्या. नवऱ्याला हाक मारली, तो दात घासता घासता तसाच धावत आला, हात ठेवला आणि सगळं एकदम बंद. दहा मिनिटं आम्ही श्वास धरून बसलो होतो, त्याच्या तोंडात फेस तसाच. काही नाही. तो गेला आणि परत सुरू. आत्ता हे लिहिलं:

हात ठेवला
तशी थांबली लाथ
दोघेही गप्प

रात्रपाळी:
बाप लोकांच्या वतीने सांगतो, हे शंभर टक्के असंच होतं, माझ्या हाताला तर मुलीने पार शेवटच्या महिन्यापर्यंत दाद दिली नाही.

'दोघेही' नको, 'तिघंही' कर. अक्षरं तेवढीच राहतात.

मीही तेव्हा दोन-तीन लिहिले होते, न मोजता. एकच बरा होता:

पाकिटात
सोनोग्राफीचा कागद —
तारीख पुसट

तो कागद उष्णतेवर छापतात म्हणे, त्यामुळे पाकिटात घासून आणि उन्हाने उडत जातो. मला माहीत नव्हतं, रोज काढून बघायचो. तुम्ही आत्ताच फोटो काढून ठेवा.

कोरी_पाटी:
आईगं, तिघंही!

माझं जरा वेगळं होतं. पहिल्या वेळी बाळ राहिलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला आशा हा शब्द लिहायचा सोडा, मनातल्या मनात म्हणायचीही भीती वाटायची. सगळे आनंदात रहा म्हणायचे आणि मी गप्प. तेव्हा हा लिहिला होता, कुणाला दाखवला नव्हता:

दाराशी बॅग
रोज थोडी भरते
पुन्हा काढते

मुलगा आता 6 वर्षांचा आहे. आत्ता वाचताना वाटतं की भीतीचा म्हणून लिहिला होता पण मी बॅग भरत तर होतेच ना रोज. तुलाही भीती वाटत असेल तर ती येऊ दे वहीत, नुसतं गोड लिहायला जाऊ नकोस.

आणि विषय सोडून एक, लाथा नेहमीपेक्षा कमी वाटल्या किंवा थांबल्यासारख्या वाटल्या तर त्यावर हायकू करत बसू नकोस, रात्र असली तरी डॉक्टरांना लगेच फोन कर. आणि दिलेल्या तारखेची फार वाट बघू नकोस, बरोब्बर त्या दिवशी येणारी बाळं शंभरात चार-पाच असतात. वहीला पानं जास्त ठेव.

खिडकीपाशी:
तिघंही केलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, या वेळी छान बिन काही म्हणाला नाही, वही मागून घेतली आणि परत वाचलं.

@कोरी_पाटी, तुझा बॅगवाला वाचून मी उठून माझी बॅग बघून आले. फोनचं लक्षात ठेवते.

हा आजचा, दुपारचा:

डावीच कूस
भिंतीवरचं ऊन
सरकतंय

पण यात बाळ कुठेच आलं नाही, चालेल का?

अर्धविराम:
डावी कूस लिहिलीस ना, मग आलं की.